तमभावाचं सामान्यरूप

फिनिश भाषेच्या पाठ्यपुस्तकात अर्ध्याच्या पुढे कुठेतरी एक वाक्य भेटतंच: ‘हेल्सिंकी ओन सुओमेन सूरिन काउपुन्की.’ हेलसिंकी हे फिनलंडमधलं सर्वांत मोठं शहर आहे. सुओमी म्हणजे फिनलंड, काउपुन्की म्हणजे शहर आणि मधला ‘सूरिन’ म्हणजे सर्वांत मोठं. ‘सूरी’ म्हणजे मोठा, ‘सूरेम्पी’ त्याहून मोठा (हा तरभाव), ‘सूरिन’ सर्वांत मोठा (हा तमभाव). तर-तम भाव तीन शब्दांत आटोपला असं वाटतं. मग त्याच शहरात मी राहते हे सांगायची वेळ येते आणि वाक्य होतं: ‘आसुन सुओमेन सूरिम्मास्सा काउपुंगिस्सा.’ आधीच्या वाक्यात शांतपणे बसलेला ‘सूरिन’ इथे ओळखूच येत नाही. शेवटचा ‘न’ गेला, मध्ये ‘म्म’ आला, आणि शहराला लागलेला ‘स्सा’ त्यालाही लागला.

मला या ‘म्म’विषयी लिहायचं आहे. फिनलंडमध्ये येऊन भाषा शिकणारी मराठी माणसं आता बरीच आहेत. त्यातले बहुतेक जण या टप्प्यावर दमतात, आणि मला मनापासून वाटतं की आपण इथे दमायचं काही कारण नाही. ही गोष्ट समजून घ्यायला लागणारं सगळं सामान आपल्याकडे शाळेपासून आहे.

लेखनाबद्दल एक खुलासा आधीच करते. फिनिशमध्ये स्वर आखूड की लांब यावर अर्थ बदलतो. ‘तुली’ म्हणजे आग आणि ‘तूली’ म्हणजे वारा. त्यामुळे लांब ‘आ’ दाखवायला मी दोन ‘आ’ लिहिले आहेत: ‘माआ’ म्हणजे देश किंवा जमीन. ‘बॅट’मधल्या ‘ॲ’सारखा स्वर फिनिशमध्ये भरपूर आहे, तो तसाच लिहिला आहे.

मराठीत आपण ‘मोठ्या शहरात’ म्हणतो. ‘त’ लागतो फक्त शहराला. विशेषण ‘मोठा’चं ‘मोठ्या’ होऊन थांबतं; म्हणजे येणाऱ्या प्रत्ययाची चाहूल त्याला लागते, पण प्रत्यय त्याच्या वाट्याला येत नाही. ‘सुंदर शहरात’ म्हटलं तर तेवढीही हालचाल होत नाही. फिनिश विशेषण असं अलिप्त राहत नाही. नामाला जी विभक्ती, तीच विशेषणाला, आणि जे वचन नामाचं तेच विशेषणाचं. शहरात असाल तर ‘मोठ्यात शहरात’, शहरातून निघालात तर ‘मोठ्यातून शहरातून’. मराठीत हे विचित्र वाटतं, पण ज्यांनी आठवी ते दहावी संस्कृत घेतलं होतं त्यांना ते अजिबात परकं नाही. ज्येष्ठः पुत्रः, ज्येष्ठं पुत्रम्, ज्येष्ठेन पुत्रेण, ज्येष्ठाय पुत्राय. तिथेही तमभावाचं विशेषण नामाच्या मागोमाग सगळ्या विभक्त्या फिरून येतं. संस्कृतमध्ये तर त्यात लिंगही सांभाळावं लागतं. फिनिशमध्ये व्याकरणिक लिंग नाहीच; ‘तो’ आणि ‘ती’ यांनाही एकच ‘हॅन’ आहे. विभक्त्या मात्र पंधरा मोजतात. त्यातली एक केवळ ‘मला, तुला, कोणाला’ अशा थोड्या सर्वनामांपुरती वेगळी दिसते, म्हणजे विशेषणाच्या वाट्याला चौदा येतात.

चौदा गुणिले दोन वचनं, असा तक्ता वर्गात फळ्यावर लिहिला जातो. मी त्या तक्त्याच्या विरोधात आहे. तक्ता खोटा नसतो, पण तो ‘सूरिन’पासून सुरू होतो. सगळी रूपं जणू ‘सूरिन’मध्ये बदल करून मिळाली आहेत असा समज त्यामुळे होतो, आणि तो समज उलटा आहे.

मराठीतली गोष्ट बघा. ‘पाणी’ला ‘त’ लावला तर ‘पाणीत’ होत नाही, ‘पाण्यात’ होतं. ‘घोडा’ला ‘ला’ लावला तर ‘घोड्याला’. प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचं जे रूप तयार होतं त्याला आपण सामान्यरूप म्हणतो आणि पाचवी-सहावीतच ते शिकतो. सामान्यरूप एकटं कधी वावरत नाही. त्याच्यामागे काहीतरी लागतंच. पण एकदा ते हाती आलं की सगळे प्रत्यय त्याच्यावर बिनतक्रार बसतात: पाण्यात, पाण्याने, पाण्याचा, पाण्यावर. फिनिश तमभावाचं सामान्यरूप आहे ‘सूरिम्पा-’. तोच खरा शब्द. फिनिश शब्द ‘म’ने संपत नाहीत, आणि शेवटी दोन व्यंजनांची जोडीही तिथे टिकत नाही. त्यामुळे मागचा ‘पा’ झिजून गेल्यावर उरलेला ‘म’ टोकाला ‘न’ झाला. ‘सूरिन’ ही झिजलेली प्रथमा आहे. ‘सूरिनचा न कुठे गेला’ हा प्रश्नच मग उरत नाही. ‘न’ कुठे गेलेला नाही, तो फक्त उघड्या टोकापाशी दिसतो. जरा प्रत्ययाचा आधार मिळाला की ‘म्प’ परत हजर असतो.

‘म्प’चा ‘म्म’ कधी होतो, हा पुढचा प्रश्न. इथले शिक्षक आणि विद्यार्थी याला ‘के-पी-टी बदल’ म्हणतात. क, प, त ही व्यंजनं ज्या अवयवाच्या (म्हणजे शब्दाच्या एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्याच्या, सिलॅबलच्या) सुरुवातीला आहेत तो अवयव स्वराने संपला तर ती बळकट राहतात, व्यंजनाने बंद झाला तर सैल पडतात. ‘सू-रिम्-पा-ना’मध्ये ‘पा’ मोकळा आहे, म्हणून प टिकला. ‘सू-रिम्-मास्-सा’मध्ये ‘मास्’ बंद झाला, म्हणून प विरघळून म झाला. हा नियम तमभावापुरता नाही, सबंध भाषेत चालतो. ‘काउपुन्की’चं ‘काउपुंगिस्सा’ झालं तेही त्यानेच. कानाला हे फार लवकर कळायला लागतं, डोळ्यांना वेळ लागतो. म्हणून मी नव्याने शिकणाऱ्यांना सांगते की ही रूपं आधी मोठ्याने म्हणा, अवयवांवर ठेका धरून म्हणा.

एक ठिकाण मात्र नियमाला न जुमानणारं वाटतं. ‘सर्वांत मोठ्या शहराकडे, शहराच्या आत’ असं म्हणायचं असेल तर ‘सूरिम्पाआन काउपुंकीन’. ‘पाआन’ बंद अवयव आहे, मग प सैल का पडला नाही? कारण तिथे पूर्वी ‘ह’ होता. ‘पा-हान’ असे दोन अवयव होते, पहिला मोकळा. ‘ह’ गेला, स्वर जुळले, पण प आपल्या जुन्या जागेवर ठाम राहिला. हा ‘ह’ जुन्या काव्यात आणि पश्चिमेकडच्या काही बोलींत अजून ऐकू येतो. प्रमाण भाषेतही एकाच अवयवाच्या शब्दांत तो जिवंत आहे. ‘मी जगातल्या सर्वांत सुखी देशात राहायला आले’ हे वाक्य घ्या: ‘मूतिन माआइल्मान ओन्नेल्लिसिम्पाआन माआहान.’ शेवटच्या ‘माआहान’मध्ये ह स्पष्ट आहे, आणि त्याच्या शेजारच्या विशेषणात त्याच विभक्तीचा ह गळून फक्त त्याने वाचवलेला प उरला आहे. दोन शेजारी शब्दांत एकाच प्रत्ययाचं जुनं आणि नवं रूप! मला हे वाक्य म्हणताना दर वेळी आनंद होतो.

‘जगातला सर्वांत सुखी देश’ हे शब्द इथे सतत कानावर पडतात. जागतिक आनंद अहवालात २०१८ पासून २०२५ पर्यंत दर वर्षी फिनलंडचा पहिला क्रमांक आला, त्यामुळे बातम्यांत, भाषणांत, जाहिरातींत ‘माआइल्मान ओन्नेल्लिसिन माआ’ येतच असतो. विभक्त्या शिकायला हे शब्द फार कामाचे आहेत, कारण त्यांच्याशी प्रत्येकाचं नातं वेगळं आहे. जो इथे राहतो तो ‘ओन्नेल्लिसिम्मास्सा माआस्सा’ असतो. जो सोडून जातो तो ‘ओन्नेल्लिसिम्मास्ता माआस्ता’ जातो. जो येतो त्याचं वाक्य वर आलंच. मिस्सॅ, मिस्तॅ, मिहिन: कुठे, कुठून, कोणीकडे. इथल्या वर्गात स्थळाच्या विभक्त्यांना त्यांच्या व्याकरणातल्या भारदस्त नावांऐवजी या तीन प्रश्नांनीच ओळखतात. मला ही पद्धत फार आवडते. आपण ‘प्रथमा, द्वितीया, तृतीया’ असे नुसते क्रमांक देतो. क्रमांकाला अर्थ नसतो, प्रश्नाला असतो.

स्थळाच्या विभक्त्यांचे असे दोन संच आहेत, एक आतला आणि एक पृष्ठावरचा. सर्वांत जवळच्या दुकानाच्या आत जायचं तर ‘लॅहिम्पॅॲन काउप्पाआन’, सर्वांत जवळच्या बसथांब्यावर जायचं तर ‘लॅहिम्मॅल्ले प्युसॅकिल्ले’. थांब्याच्या आत कोणी जात नाही, त्याच्यापाशी जातो. याच पृष्ठाच्या ‘ल्ले’मध्ये आपली चतुर्थीही सामावली आहे: थोरल्या मुलाला काही द्यायचं तर ‘वान्हिम्माल्ले पोयाल्ले’. आपला ‘थोरला’ इथे ‘थोरल्या’पर्यंत येऊन थांबतो, फिनिश थोरला स्वतःचा ‘ला’ घेऊन येतो. मला यात एक प्रकारचा मोठेपणा दिसतो. ‘सर्वांत’ असलेला शब्द वाक्याच्या वर जाऊन बसत नाही. नाम जिथे जाईल तिथे, त्याच्याच पेहरावात तो बरोबर चालतो.

तमभाव म्हटला की गट आला. सर्वांत मोठा, पण कोणांत? पाणिनीने तमभावाच्या प्रत्ययांना ‘अतिशायने तमबिष्ठनौ’ असं सूत्र दिलं, त्यातला ‘इष्ठन्’ आपल्या श्रेष्ठ, ज्येष्ठ, कनिष्ठ, वरिष्ठ या शब्दांत आजही आहे. आणि गटातून एकाला वेगळं काढायचं असेल तर गटाला कोणती विभक्ती लावावी हे ‘यतश्च निर्धारणम्’ या वेगळ्या सूत्रात सांगितलं: षष्ठी किंवा सप्तमी. नराणां श्रेष्ठः म्हणा किंवा नरेषु श्रेष्ठः म्हणा. मराठीने यातली सप्तमी उचलली. ‘सर्वांत’ हे सरळ सरळ सर्वांमध्ये. आपण रोज निर्धारण सप्तमी बोलतो आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो.

फिनिश याच प्रश्नाला कसं उत्तर देते हे बघण्यासारखं आहे. एक वाट षष्ठीची: ‘सुओमेन सूरिन’, फिनलंडचा सर्वांत मोठा. ‘सगळ्यांत’ असा जोर द्यायचा तर ‘काइक्केइन सूरिन’, त्यातला ‘काइक्केइन’ म्हणजे जुनी अनेकवचनी षष्ठी, सगळ्यांचा. दुसरी वाट ‘आतून बाहेर’च्या विभक्तीची: ‘काइकिस्ता सूरिन’, सगळ्यांतून मोठा. आपण त्याला गटाच्या आत ठेवून बघतो, फिनिश त्याला गटातून उचलून बाहेर धरते. ‘सर्वांत सुंदर तळ्यांपैकी एक’ म्हणायचं असेल तर हीच वाट: ‘युक्सी काउनेइम्मिस्ता यॅर्विस्तॅ.’ एक, सुंदरतमांतून, तळ्यांतून. ज्या देशात तळी लाखाच्या पुढे मोजतात तिथे हा प्रयोग जिभेवर असावाच लागतो.

आणि या गटाचा माग तमभावाच्या प्रत्ययाच्या आतही लागतो, असं मानणारं एक मत आहे. ‘सूरेम्पी’ आणि ‘सूरिम्पा-’ शेजारी ठेवा. तरभाव आणि तमभाव यांच्यात फरक फक्त एका स्वराचा, ए आणि इ. ‘सूरेम्मास्सा’ म्हणजे अधिक मोठ्यात, ‘सूरिम्मास्सा’ म्हणजे सर्वांत मोठ्यात. फिनिशमध्ये अनेकवचनाची खूणही ‘इ’ हीच आहे: ‘तालोस्सा’ घरात, ‘तालोइस्सा’ घरांत. म्हणून भाषेचा इतिहास अभ्यासणाऱ्यांपैकी काहींनी असं मांडलं की तमभावातला ‘इ’ मुळात अनेकवचनाचा असावा: ‘अनेकांहून अधिक मोठा’ तोच सर्वांत मोठा. शेजारच्या एस्टोनियन भाषेत तर आजही बहुधा ‘सगळ्यांतला’ अशा अर्थाचा वेगळा शब्द तरभावाच्या आधी ठेवतात. हंगेरियन तरभावाच्या रूपाआधी उपसर्ग ठेवून काम भागवते. फिनिशने तेच काम एका स्वरात केलं. हे मत पटलं की नाही हा वेगळा भाग, पण शिकणाऱ्याला ते फार उपयोगी पडतं. कान ‘इ’कडे लागला की बाकी सगळं जमतं.

स्वरांच्या बाकीच्या उलाढालींवर मी फार थांबणार नाही. ‘वान्हा’मधला शेवटचा आ गळून ‘वान्हिन’ होतो, ‘काउनिस’चं ‘काउनेइन’ होतं, ‘पित्कॅ’चं ‘पिसिन’ आणि ‘ह्युवॅ’चं थेट ‘पारास’. चांगल्याचा तर-तम भाव वेगळ्याच मुळापासून यावा ही खोड कितीतरी भाषांना आहे. ही रूपं वापरातून बसतात.

खरी श्रीमंती स्थळाच्या पलीकडच्या विभक्त्यांत आहे. त्यातल्या दोन माझ्या विशेष जवळच्या. एक ‘-ना’ची, जी ‘म्हणून असणं’ सांगते, आणि दुसरी ‘-क्सी’ची, जी ‘होणं, बनणं’ सांगते. वर्तमानपत्रात मथळा येतो: ‘सुओमी वालित्तीन माआइल्मान ओन्नेल्लिसिम्माक्सी माआक्सी.’ फिनलंडची जगातला सर्वांत सुखी देश म्हणून निवड झाली. इथे ‘क्सी’, कारण निवड होणं म्हणजे एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाणं. पण घरातली सर्वांत धाकटी म्हणून मी वाढले, हे सांगायचं तर ‘नुओरिम्पाना लाप्सेना’. तिथे बनणं नाही. धाकटं कोणी बनत नाही. त्या जागेवरच आपण असतो. मराठीत आपण दोन्ही ठिकाणी ‘म्हणून’ वापरतो आणि संदर्भावर सोडून देतो. फिनिश विचारते: हा ‘सर्वांत’ तुला मिळाला आहे, की तू त्यातच आहेस? या प्रश्नावर मी बराच विचार केला आहे. सर्वांत हुशार, सर्वांत यशस्वी अशा ज्या पदव्यांमागे आपण धावतो त्या सगळ्या ‘क्सी’च्या आहेत. आणि ज्या नात्यांनी आपल्याला घडवलं, थोरली असणं, धाकटी असणं, आईच्या सर्वांत जवळची असणं, ती ‘ना’ची.

‘-ना’ ही फार जुनी विभक्ती. एके काळी ती स्थळाची होती. ‘कोतोना’, म्हणजे घरी, यात ते स्थळ अजून आहे. मग ती काळाकडेही वळली. सोमवारी म्हणजे ‘माआनान्ताइना’. आणि वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी म्हणजे ‘वुओदेन पिसिम्पॅनॅ पॅइवॅनॅ’. हे मला फिनिशमधल्या सर्वांत सुंदर शब्दांपैकी वाटतात. जूनच्या अखेरीला हेलसिंकीत दिवस जवळजवळ एकोणीस तासांचा असतो, आणि उत्तरेला उत्स्योकीत मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य मावळतच नाही. युहान्नुसचा, म्हणजे मध्य-उन्हाळ्याचा, सण याच सुमाराला, १९५५ पासून २० ते २६ जूनच्या दरम्यान पडणाऱ्या शनिवारी. त्या दिवसांत हा शब्द लोकांच्या तोंडी असतो, आणि त्यातली ‘ना’ ही ‘त्या दिवशी’ आणि ‘तो दिवस असताना’ अशी दोन्ही कानाला वाटते. डिसेंबरात उलट, ‘वुओदेन ल्युह्युइम्पॅनॅ पॅइवॅनॅ’, सर्वांत लहान दिवशी, हेलसिंकीत उजेड सहा तासही पुरत नाही. दोन्हीकडे ‘म्प’ बळकट आहे, कारण पुढचा अवयव मोकळा आहे.

मग राहते अंशाची विभक्ती. हिला मराठीत समांतर नाही, आणि फिनिशचा जीव बराचसा हिच्यात आहे. संपूर्ण नसलेलं, मोजून न संपणारं, अजून चाललेलं असं सगळं तिच्यात जातं. दूध प्यायलं तर थोडं, प्रेम केलं तर न संपणारं, दोन्ही अंशातच. तमभावात तिचा प्रत्यय ‘न्ता’: ‘सूरिन्ता’, ‘तॅर्केइन्तॅ’. आता ‘सर्वांत महत्त्वाचं हे, की…’ अशी सुरुवात करायची असेल तर फिनिश माणूस प्रथमेत ‘तॅर्केइन’ म्हणत नाही. तो म्हणतो ‘तॅर्केइन्तॅ ओन, एत्तॅ…’ ‘सर्वांत चांगलं म्हणजे…’ हेही ‘पारास्ता ओन…’ विशेषणाला टेकायला नाम नाही, मोजायला वस्तू नाही, म्हणून सर्वांत महत्त्वाचं असलेलंही अंशरूपानेच येतं. मराठीत आपण अशा वेळी नपुंसकलिंग वापरतो, ‘महत्त्वाचं’, ‘चांगलं’, आणि तेही मला याच जातीचं वाटतं: वस्तू समोर नसताना गुणाला कुठेतरी उभं करण्याची सोय.

हाच ‘पारास्ता’ दुधाच्या प्रत्येक खोक्यावर छापलेला असतो: ‘पारास्ता एन्नेन’ आणि पुढे तारीख. त्या तारखेच्या आधी सर्वांत उत्तम. नव्या माणसाला फिनिशमधला पहिला अंशविभक्तीतला तमभाव वर्गात नव्हे, फ्रिजमध्ये भेटतो. लिफ्टमध्ये किती जणांनी चढायचं ते सांगणारा ‘एनिन्तॅॲन’, म्हणजे जास्तीत जास्त. सूचनांमधला ‘वॅहिन्तॅॲन’, म्हणजे कमीत कमी. ‘आइकाइसिन्ताआन’, म्हणजे लवकरात लवकर धरलं तरी. या सगळ्यांत तमभाव, अंशाची विभक्ती आणि ‘त्याचा’ असा अर्थ देणारा प्रत्यय एकावर एक बसून कायमचे घट्ट झाले आहेत. आपले ‘जास्तीत जास्त’ आणि ‘कमीत कमी’ही असेच घट्ट झालेले आहेत, फक्त आपण तिथेही सप्तमीच वापरली.

भूगोल हा तमभावाचा हक्काचा प्रांत. फिनलंडचं सर्वांत मोठं तळं साइमा. त्या तळ्यात म्हणजे ‘सुओमेन सूरिम्मास्सा यॅर्वेस्सॅ’ एका जातीचा सील राहतो, जगातल्या सर्वांत दुर्मीळ सीलपैकी एक; हिमयुगानंतर जमीन वर उचलली गेली, तळं समुद्रापासून तुटलं आणि तो गोड्या पाण्यातच राहिला. सर्वांत लांब नदी केमियोकी. सर्वांत कमी तापमानाची नोंद उणे ५१.५ अंश सेल्सियस, कित्तिलॅ परिसरातल्या पोक्का इथली, २८ जानेवारी १९९९ ची. सर्वांत जुनं शहर तुर्कू. १८१२ मध्ये राजधानी तिथून हेलसिंकीला हलली, १८२७ च्या आगीत शहराचा बहुतेक भाग जळाला आणि विद्यापीठही हेलसिंकीला गेलं. तुर्कूकडून बरंच काही गेलं, पण ‘वान्हिन’ तेवढा त्याच्याकडून कोणी नेऊ शकला नाही.

सर्वांत उंच जागेची गोष्ट अधिक गंमतीची, आणि ती व्याकरणाला लागून आहे. हाल्ती हा डोंगर फिनलंड आणि नॉर्वेच्या सीमेवर आहे. सीमा त्याच्या उतारावरून जाते, शिखर नॉर्वेत आहे. फिनलंडच्या हद्दीतली सर्वांत उंच जागा १,३२४ मीटरवर आहे, पण ती माथा नव्हे, चढणीवरचा एक बिंदू आहे. म्हणून नेमकं बोलणारे ‘सुओमेन कोर्केइन कोह्ता’ म्हणतात, सर्वांत उंच ‘जागा’. २०१७ मध्ये फिनलंडच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षं होणार होती. तेव्हा नॉर्वेतल्या लोकांनी एक सूचना मांडली की सीमा थोडी सरकवून १,३३१ मीटरचं एक शिखर फिनलंडला भेट द्यावं. भरपूर लोकांनी ती उचलून धरली. पण देशाचा भूभाग अविभाज्य आहे असं नॉर्वेचं संविधान सांगतं, त्यामुळे पंतप्रधान एर्ना सोलबर्ग यांनी २०१६ मध्ये नकार दिला. चढून जाणारे अजूनही ‘कोर्केइम्माल्ले कोह्दाल्ले’ जातात, जागेवर, पृष्ठावरच्या विभक्तीत. एका देशाने दुसऱ्याला वाढदिवसाला तमभाव द्यावा ही कल्पना मला फार हृद्य वाटली होती, आणि ती फळाला आली नाही याची रुखरुख आजही आहे.

मी स्वतः हेलसिंकीत राहत नाही, शेजारच्या एस्पोत राहते. एस्पो हे फिनलंडचं दुसऱ्या क्रमांकाचं मोठं शहर. त्यासाठीचा प्रयोग पाठ्यपुस्तकात बहुधा एका ओळीत उरकलेला असतो, पण मला तो फार विचारपूर्वक घडलेला वाटतो: ‘तोइसेक्सी सूरिन’. ‘तोइनेन’ म्हणजे दुसरा. त्याला ती ‘बनण्या’ची ‘क्सी’ लागली आहे. दुसऱ्या जागेवर येऊन सर्वांत मोठं. आणि सगळी विशेषणं नामामागे धावत असताना हा ‘तोइसेक्सी’ मात्र हलत नाही. ‘आसुन सुओमेन तोइसेक्सी सूरिम्मास्सा काउपुंगिस्सा’: ‘सूरिन’ बदलला, शहर बदललं, ‘दुसरा’ आहे तसाच. ज्यांना मराठीतली अविकारी विशेषणं ठाऊक आहेत त्यांना इथे ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटेल. ‘कोको’, म्हणजे संपूर्ण, आणि ‘एन्सी’, म्हणजे येता, हेही असेच न हलणारे.

‘विना’ आणि ‘सहित’ या अर्थांच्या विभक्त्यांतही तमभाव चालतो. पण बोलण्यात ती रूपं क्वचितच येतात, त्यांच्यासाठी कोणी झोप घालवू नये. उलट हवामानाच्या बातमीतला ‘सूरिम्मास्सा ओसास्सा माआता’, म्हणजे देशाच्या बहुतेक भागात, हा जवळजवळ रोज कानावर पडतो. तो एकदा कानात बसला की ‘म्म’ कायमचा आपला होतो.

मराठीतून फिनिश शिकवणारं एक छोटं पुस्तक असावं असं मला फार दिवसांपासून वाटतं. आज आपण सगळे ही भाषा इंग्रजीच्या मध्यस्थीने शिकतो, आणि इंग्रजीकडे ना सामान्यरूप आहे ना विशेषणाची विभक्ती. त्यामुळे आपल्याला जे आधीच येतं तेही परकं म्हणून, अवघड म्हणून समोर येतं. त्या पुस्तकातल्या तमभावाच्या धड्याची सुरुवात मी ‘सूरिन’ने करणार नाही. वर ‘पाण्या-’ आणि ‘थोरल्या-’ असे अर्धवट, टोकाला रेघ असलेले दोन शब्द असतील, आणि खाली ‘सूरिम्पा-’, ‘वान्हिम्पा-’, ‘पिसिम्पॅ-’. पहिल्या स्वाध्यायात प्रश्न असेल: तुमच्या घरातल्या सर्वांत थोरल्या माणसाला काय द्याल, त्याच्याकडून काय घ्याल, त्याच्याजवळ काय आहे? ‘वान्हिम्माल्ले’, ‘वान्हिम्माल्ता’, ‘वान्हिम्माल्ला’. प्रथमा चौथ्या पानावर येईल, तोवर ‘न’ कुठून आला हे मुलांनी स्वतःच सांगितलेलं असेल.